आईच्या नावाची तीन अक्षरं

पुन्हा

"अगं, दाब की त्यो परत!" सगुणाबाई मागून ओरडल्या, तशी नेट कॅफेतली पंधरा-वीस डोकी एकदम वळली.

"दाबलंय आजी. सातव्यांदा दाबलंय," कॅफे चालवणारी नुजहत म्हणाली. "आख्ख्या महाराष्ट्राची पोरं एकाच वेळी निकालाच्या दारात उभी आहेत. आपला नंबर नको का लागायला?"

"म्हंजी रेशनचं दुकान."

"तसंच समजा."

सगुणाबाईंना हे पटलं. रेशनच्या दुकानाला त्या भीत नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि सुनेच्या खुर्चीमागं ठाण मांडलं.

खुर्चीवर मंगल. वय अडतीस. हातात घामानं मऊ झालेलं हॉल तिकीट. भोरच्या एसटी स्टँडासमोरच्या या दुकानात दहावीचा निकाल बघायला आलेले बाकी सगळे सोळा वर्षांचे, नाहीतर त्यांचे बाप. त्यातल्या एका बापानं पेढ्यांचा पुडा सांभाळत मघाशी विचारलं होतं, "तुमची पोरगी कुठंय?"

"मीच हाय," मंगल म्हणाली होती.

आंबवड्याच्या अंगणवाडीत ती बारा वर्षं मदतनीस होती. खिचडी शिजवायची, शेंबडी नाकं पुसायची, रडणारं पोर वजनकाट्याच्या झोळीत घालायची. गाणीसुद्धा तीच शिकवायची, कारण सेविकाबाईंचे गुडघे दुखायचे. आता सेविकाबाई निवृत्त झाल्या. मदतनीस दहावी पास असेल तर त्या जागेवर पहिला हक्क तिचा. अर्ज सोमवारी संध्याकाळपर्यंत. पास नसेल तर बाहेरची कुणीतरी येणार, आणि मंगल पुन्हा खिचडीच्या पातेल्याशी. आज शुक्रवार होता.

पुढे

पान उघडेपर्यंत करायचं काय? नुजहतनं शेजारच्या मशीनवर सगुणाबाईंना इंटरनेट दाखवायला घेतलं.

"ह्यातून पत्र जातं, आजी. माझा मोहसीनभाई मस्कतला आहे. सकाळी अम्मीनं माझ्याकडून लिहून घेतलं, दुपारी त्याचा जबाब आला. फोटोसकट."

"आनतो कोन?"

"कुणीच नाही. आपोआप येतं."

"मग दिवाळीची पोस्त कुनाला द्यायची?"

नुजहतनं कीबोर्ड पुढं ओढला. ती म्हणाली, "आणि काहीही विचारा, शोधून देतं. विचारा की!"

"आमचं आंबवडं हाय का त्यात?"

नुजहतनं टकटक केलं. पडद्यावर वरून खाली, पडदा सोडावा तसा एक फोटो उतरू लागला. आधी आभाळ, मग झाडं, मग झुलता पूल.

"अगं बया! आमचा पूल!" सगुणाबाई इतक्या वाकल्या की नाक काचेला टेकलं. त्यांनी फोटो डावीकडून न्याहाळला, उजवीकडून न्याहाळला. "म्हस दिसंना."

"कुठली म्हैस?"

"माझी. हितं कडंला चरती रोज."

"फोटो जुना असेल, आजी."

"म्हस बी जुनीच हाय."

सगळं दुकान हसलं. मंगलसुद्धा. सकाळपासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात तिच्यासमोरचं पान उघडलं.

दोन चौकोन. एकात बैठक क्रमांक, दुसऱ्यात आईच्या नावाची इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं. क्रमांक मंगलनं स्वतः दाबला, एकेक आकडा, तवा तापलाय का बघावं तसा बोट लावून लगेच उचलत.

"आईचं नाव, ताई?"

मंगलची आई, तिकडं माहेरी भोंगवलीला, ती नऊ वर्षांची असताना वारली. ते नाव शेवटचं कधी उच्चारलं होतं, तिला आठवेना.

"ठकुबाई," ती म्हणाली.

नुजहतनं तीन अक्षरं भरली. पडद्यावर लाल ओळ आली. अशी नोंद नाही.

आकडे पुन्हा तपासले. पुन्हा तीच लाल ओळ.

"नापास झालं की असंच येतं व्हय?"

"नाही हो. नापासालाही मार्क दाखवतं. हे तर तुम्हाला ओळखतच नाही."

थांबा

लाईट गेली.

पंखे थांबले, सगळे पडदे काळे पडले. फक्त मंगलसमोरचा एक जळत राहिला. तो आणि नेटचा डबा बॅटरीवर होते. टेबलाखाली बॅटरी पीप पीप करू लागली.

"दहा मिनिटं टिकेल," नुजहत म्हणाली. "आठवा ताई. फॉर्म कुणी भरला?"

मंगल हळूच मागं वळली.

सगुणाबाई छताकडं बघत होत्या.

मागे

गेल्या वर्षी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी पोलिओचे डोस होते. मंगल पेटी घेऊन वाड्यावस्त्या हिंडत होती. "म्या जाते," सगुणाबाई म्हणाल्या. मंगलचा शाळेचा दाखला पिशवीत घालून त्यांनी एसटी पकडली. दाखला जुना, त्यावर आईचं नाव नव्हतंच. खिडकीतल्या क्लार्कनं ते विचारलं.

"आत्याबाई, काय सांगितलं तुमी?"

"काय सांगनार?" सगुणाबाई एकदम भडकल्या. चूक झाली की त्या आधी भडकायच्या. "तुझा सासरा गेला तवा आठव. सातबाऱ्यावर मेल्यालं नाव ऱ्हायलं, तर तलाठ्यानं सा वर्सं नाचवलं! दाखला आना, वारस आना, पंचनामा आना. मेल्या मानसाचं नाव कागदावर असलं की कागद अडतोच. म्हनलं, पोरीची धावी अडायची. जित्या मानसाचं नाव घातलं."

"कुनाचं?"

"आता जितं कोन हाय?" सगुणाबाई पुटपुटल्या. "माझंच. सगुना."

पीप पीप पीप.

नुजहतची बोटं केव्हाच चालायला लागली होती. एस. ए. जी.

पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. मागं वीसजण श्वास धरून उभे. मग वरून खाली, मघाच्या पुलासारखी, एकेक ओळ उतरली. मराठी एकाहत्तर. हिंदी अठ्ठावन्न. गणित...

"पस्तीस!" नुजहत किंचाळली. "काठावर आहे, पण आहे! पास ताई, पास!"

मघाच्या त्या बापानं स्वतःच्या पोराचा निकाल बघायच्या आधीच पुडा फोडला आणि पहिला पेढा मंगलच्या तोंडात कोंबला. कुणीतरी शिट्टी मारली. मंगलला हसू आवरेना, पेढा गिळवेना आणि डोळ्यांचं तर काही विचारूच नका.

पीप थांबलं. पडदा मिटला.

छापा

लाईट यायला साडेतीन वाजले. कागद हातात पडल्याशिवाय सगुणाबाई हलायला तयार नव्हत्या. "काचंवर कितीबी लिवलं तरी काच घेऊन हापिसात जायचं का?"

प्रिंटर करकरला. कागद गरम होता. सगुणाबाईंनी तो पापड धरावा तसा दोन्ही हातांत धरला.

"माझं नाव कुठलं ह्यात?"

मंगलनं बोट ठेवलं.

"एवढंसंच?" त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "नुजहत, पेन दे गं. मंगल, हितं खाली लिव. ठकुबाई."

"आत्याबाई, हापिसात द्यायचाय त्यो. खाडाखोड चालत न्हाई."

"मग आजून एक छाप. एक हापिसाला, एक घरला."

प्रिंटर पुन्हा करकरला. दुसऱ्या कागदावर, सगुणाबाईंच्या नावाखालच्या मोकळ्या जागेत मंगलनं लिहिलं. अंगणवाडीच्या फळ्यावर काढायची तसंच, टपोरं, गोल, लांबून वाचता येईल असं.

पाचची एसटी निघाली. खिडकीची काच फुटलेली, वारा भणाण. सगुणाबाईंनी घरचा कागद मांडीवर पसरला. एका हाताचं बोट एका नावावर दाबलं, दुसऱ्या हाताचं दुसऱ्यावर.

"आजी, जरा सरका, पोरगं बसू द्या," कुणीतरी म्हणालं. त्या सरकल्या, पण बोटं तशीच ठेवून.

"दोन आंबवडे," मंगल कंडक्टरला म्हणाली.

त्यानं फाडलेलं तिकीट सगुणाबाईंपुढं धरलं. त्यांनी मान हलवली. हात मोकळा नव्हता.