फिटल्याची एक ओळ

पारोळ्याच्या स्थानकात एसटी वळली तसे हारुनभाई खिडकीपासून सरकून आत बसले आणि मांडीवरच्या पिशवीतले कागद उगाच पुन्हा मोजू लागले. या महिन्यातली ही धुळ्याची तिसरी फेरी, आणि दर फेरीला ते असेच करत. स्थानकामागच्या तिसऱ्या गल्लीत कौतिक निकम राहत होते. त्यांच्या एका पत्राला हारुनभाईंनी बारा वर्षांत उत्तर दिले नव्हते.

पत्र पाठ होते. रेघांच्या कागदावर, कौतिकच्या सुबक अक्षरात: ‘हारुनभाऊ, बँकेची नोटीस जामीनदार म्हणून मलाही आली. मी पैसे मागायला लिहीत नाही. तुम्ही फेडाल हे मला ठाऊक आहे. फिटले की एक ओळ टाका, म्हणजे जिवाला स्वस्थता येईल.’

एवढेच. शिवी नाही, टोमणा नाही. तसे काही असते तर उत्तर लिहिणे सोपे गेले असते.

कौतिक पारोळ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. उसवलेली पुस्तके पोत्यात भरून ते जळगावला हारुनभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात आणून टाकत. हारुनभाई बांधण्याआधी पुस्तक वाचून काढत, त्यामुळे काम हमखास लांबे. कौतिक कधी घाई करत नसत. उलट पोते उचलताना विचारत, "यातलं कोणतं घरी न्यावं?" कागद कापायचे यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा कौतिकनीच धुळ्याच्या बँकेत ओळख काढली आणि जामीनदार म्हणून सही केली. यंत्र आले, आणि दोन वर्षांत कॉलेजांनी बांधणीची कामे बंद केली. हप्ते थकले.

फेडायला सहा वर्षे लागली. शेवटी बँकेने अठरा हजार चारशे रुपये व्याज सोडले आणि बाकीची रक्कम एकदम भरून घेतली. त्या दिवशी हारुनभाई कोरी आंतरदेशीय पत्रे घेऊन घरी आले. पहिल्या खर्ड्यात माफीच इतकी झाली की तो भीक मागितल्यासारखा वाटला. दुसरा वाचताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, सगळी वाक्ये कुठल्या तरी पुस्तकातून आलेली. तिसऱ्यात नुसते ‘फिटले’ लिहिले, तर ते उद्धट दिसले. पत्नी अमिनाबी दारातून म्हणाल्या होत्या,

"अजी, पत्र लिहिताय की किताब?"

पाचवा कागद फाडल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. बँक जामीनदाराला कळवतच असेल. आपल्या पत्रावाचून काही अडणार नाही.

मग या जूनमध्ये नात अरिबाला फार्मसीला प्रवेश मिळाला. घर हारुनभाईंच्या नावावर, म्हणून शैक्षणिक कर्जाला सही त्यांचीच लागणार होती. जळगावच्या बँकेने त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि अर्ज बाजूला ठेवला. अरिबाने घरी येऊन तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"दादा, इथे ‘सेटल्ड’ लिहिलंय. ‘क्लोज्ड’ नाही."

"म्हणजे फिटलंच ना?"

"फिटलं, पण सूट घेऊन. त्यांच्या लेखी तुम्ही अर्ध्यात सोडलं. म्हणून स्कोअर सहाशे बारा."

"किती पैकी?"

"नऊशे."

हारुनभाईंनी मनात हिशेब केला. "मग फर्स्ट क्लास आहे की."

अरिबा हसली नाही. सोडलेले व्याज भरा, खाते बंद झाल्याचा दाखला आणा, तोही महिना संपायच्या आत, नाहीतर फीची मुदत जाईल, असे तिला बँकेत सांगितले होते. तिने ते तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज बारीक झाला. पहिल्या दोन फेऱ्यांत जुने खाते शोधून अर्ज झाला होता. मधल्या आठवड्यात हारुनभाईंनी यंत्र बोदवडच्या एका छापखान्याला एकोणीस हजाराला विकून टाकले. टेम्पोत चढवताना त्यांनी त्याचे पाते फडक्यात गुंडाळून दिले आणि टेम्पो दिसेनासा व्हायच्या आत घरात गेले.

धुळ्याच्या शाखेत कर्जखाती पाहणारी प्रियल नावाची तरुण मुलगी होती. तिने खुर्ची दाखवली. हारुनभाई बसले, उठले, पुन्हा बसले. रबर काढून नोटा काउंटरवर ठेवल्या.

"अठरा हजार चारशे. मोजून घ्या बेटा."

तिने कॉम्प्युटरवर खाते उघडले, थोडा वेळ पाहिले आणि वरच्या पाचशेच्या आठ नोटा उचलून परत त्यांच्याकडे सरकवल्या.

"चौदा चारशेच येणं आहे, काका."

"नाही नाही. अठरा. मी लिहून आणलंय." त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. "आणखी सूट नको. त्या सुटीनंच तर हे सगळं झालं."

"सूट नाही. चार हजार भरलेत या वर्षी. दोन आणि दोन."

"मी नाही भरले."

"तुमच्या जामीनदारांनी भरलेत. निकम."

हारुनभाईंनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरले. प्रियलने कपाटातून फाइल आणली आणि एक अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. अक्षर त्यांनी दुरूनच ओळखले. आता थोडे थरथरते झाले होते, पण ओळ सुटली नव्हती.

‘माझी मुलगी ज्योती हिला शिवणयंत्रांसाठी कर्ज हवे आहे. मी जामीन राहिलेल्या जुन्या कर्जामुळे माझे सिबिल खराब दिसते आणि तिच्या कर्जाला माझी सही चालत नाही. सदर कर्जदाराने कर्ज फेडलेले असणार, याची मला खात्री आहे. फक्त माझ्याजवळ कागद नाही. तरी आपल्या नोंदी तपासाव्यात.’

"आम्ही तपासलं," प्रियल म्हणाली. "सूट देऊन मिटवलंय, पूर्ण बंद नाही, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, सुटीची रक्कम मी भरली तर चालेल का? एकदम जमणार नव्हती त्यांना."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"मी म्हटलं होतं, कर्जदाराला कळवू का. तर म्हणाले, नको, त्यांची काही अडचण असेल."

हारुनभाईंनी चष्मा काढला. पुसायला काही नव्हते, तरी सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"पण तेव्हा, मी मोठी रक्कम भरली तेव्हा, बँकेनं त्यांना कळवलं असेल ना? एक पत्र तरी?"

"नाही काका. कर्ज थकलं की जामीनदाराला पत्र जातं," ती नोटा मशीनमध्ये लावत म्हणाली. "फिटलं की नाही जात."

मशीन फडफडले. चौदा हजार चारशे. शिक्का पडला. तासाभराने तिने बेबाकीचा दाखला त्यांच्या हातात ठेवला, खाते पूर्ण बंद, काही येणे नाही. जळगावची बँक हा धरेल, रिपोर्टमधली दुरुस्ती महिन्याभरात दिसेल, असे तिने सांगितले.

"आणि त्यांचं?"

"त्यांचंही होईल. याची झेरॉक्स लावून त्यांनी अर्ज केला की लवकर होईल. तुम्ही देणार का त्यांना? की आम्ही पाठवू?"

हारुनभाई ‘तुम्हीच पाठवा’ म्हणायला गेले. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"मी देतो," ते म्हणाले, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून लगेच घाबरले.

परतीच्या गाडीत त्यांना बसवेना. दाखला पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि वरच्या खिशात चार हजार रुपये, जे आपले नव्हते. शेजारच्या बाईने दोनदा विचारले, "भाऊ, तब्येत ठीक आहे ना?" पारोळ्याच्या स्थानकात गाडी थांबली, कंडक्टरने घंटी मारली, आणि सुटत्या गाडीतून ते "थांबा, थांबा" करत खाली उतरले.

"अहो, तिकीट जळगावचं आहे तुमचं!" कंडक्टर ओरडला.

तिसरी गल्ली सापडायला वेळ लागला नाही. तोंडाशी ते उभे राहिले. आत पाचव्या-सहाव्या घराच्या ओट्यावर एक बाई मशीनवर कापड शिवत होती. एकच मशीन. ती ज्योतीच असावी. शेवटची पाहिली तेव्हा ती दप्तर घेऊन पोत्यावर बसलेली, बापाची वाट बघत. आतून कोणीतरी काहीतरी विचारले आणि तिने मान न वळवता उत्तर दिले. आवाज पुरुषाचा होता, म्हातारा. हारुनभाई एक पाऊल पुढे गेले. मग मागे. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली, जणू त्यासाठीच मागे फिरले होते. पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आले. दारात उभे राहून पहिला शब्द कोणता बोलायचा, हेच जमेना. ‘नमस्कार’ म्हटले तर बारा वर्षे गिळल्यासारखे होईल. माफी मागितली तर कौतिक ती मागूच देणार नाहीत, चहा ठेवायला सांगतील, आणि तो चहा पिववणार नाही.

पोस्ट तिथून हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी पाकीट आणि तिकीट घेतले, पिशवीतून एक कोरा कागद काढला. फळीवर दोरीने बांधलेले पेन चालत नव्हते, म्हणून स्वतःचे काढले.

‘कौतिकभाऊ, फिटले. दाखल्याची प्रत सोबत आहे, ती बँकेत दिली की तुमचेही नाव मोकळे होईल. तुमचे चार हजार माझ्याकडे आहेत. येत्या बुधवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो. – हारुन.’

कागद अर्ध्याहून जास्त कोरा होता. त्या जागेवर पेन बराच वेळ टेकलेले राहिले, तिथे शाईचा एक ठिपका उमटला. मग त्यांनी कागदाची आणि झेरॉक्सची एकत्र घडी केली, नखाने दाबून कड सरळ केली आणि पाकिटाला बोटाने खळ लावली, कडेपर्यंत, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही.

खिडकीमागच्या लताबाईंनी पिन कोड बघून देण्यासाठी पाकीट हातात घेतले आणि पत्ता वाचून हसल्या.

"आबा, हाऊ पत्ता तं आठेच मांगेनी गल्लीना शे! जाईसन दी या ना हातमा."

"माहीत आहे," हारुनभाई म्हणाले. "पोस्टानंच जाऊ द्या."

"उगाच पाच रुपया घालाडात."

पेटी बाहेर भिंतीला होती. पाकीट फटीत अर्धे गेले आणि तिथेच राहिले. हारुनभाईंनी ते धरून ठेवले होते. स्थानकाकडून जळगावच्या गाडीची हाळी ऐकू आली. ते मान वाकडी करून खिडकीकडे वळले.

"बाई, एकदा टाकलं की परत काढता येतं का?"

"पेटीमा पडनं का मंग ते सरकारनं, आबा."

"बरं," असे म्हणून हारुनभाईंनी बोटे सोडली.