दोन ठोके

त्या दिवशी चार वाजले तरी ठोके आले नाहीत. मी खालच्या खोलीत सायकलचं चाक उघडून बसलो होतो, बायको वर स्वयंपाकघरात. चहा झाला की ती ओट्यामागच्या लोखंडी पाइपावर पळी दोनदा आपटायची. तो पाइप माझ्या खोलीतूनच वर जातो. तीन ठोके म्हणजे जेवण. एकच, पण जोरात, म्हणजे माझं काहीतरी चुकलेलं आहे.

साडेचारपर्यंत वाट पाहिली. वर गेलो तर चहा आटून भांडं करपलं होतं. ती खुर्चीत बसलेली होती, पळी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, त्रास झाला नसेल.

मी चौतीस वर्षं पाणीखात्यात गळती ऐकण्याचं काम केलं. लोखंडी कांबीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. लोखंडातून आवाज पार पलीकडच्या गल्लीत जातो, भुसभुशीत मातीत मुरतो, प्लॅस्टिकमध्ये चार पावलांवर मरतो. हे बायकोलाही पाठ झालं होतं.

“माणसंही तशीच,” ती म्हणायची. “तुमची बहीण लोखंडी. इकडे कुजबुजलं की तिकडे गावभर. आणि तुम्ही प्लॅस्टिकचे. कितीही बोला, पलीकडे काही पोचत नाही.”

मी हसायचो. पोचायचं सगळं.

गेल्या आठवड्यात मुलगी आली. ओट्यामागची ओल तिला लगेच दिसली.

“बाबा, जन्मभर लोकांच्या गळत्या शोधल्यात आणि घरात हे? दिव्याखाली अंधार.”

“माहीत आहे मला.”

“कुठून गळतंय ते तरी ऐकलंत का?”

कांब काढली, ऐकलं. गळती बरोबर पळीच्या जागी होती. इतकी वर्षं ठोकून तिथला रंग उडाला होता आणि गंज आत शिरला होता. मी खडूने खूण केली.

“प्लॅस्टिकचा टाकून घेऊ. उद्या प्लंबरला बोलावते.”

“प्लॅस्टिकमधून आवाज जात नाही.”

“आता कोण वाजवणार आहे, बाबा?”

“आज तू आहेस ना. चहा झाला की दोनदा वाजव.”

मी खाली जाऊन बसलो. ठोके आले. तिच्या आईपेक्षा हलक्या हाताचे, पण दोन, नीट. वर गेलो तर चहा कपात ओतलेला होता.

“साखर विसरलीस.”

“आई म्हणायची, तुम्हाला कमीच द्यायची.”

“तिचं काय जातंय म्हणायला,” मी म्हणालो, आणि दोघंही हसलो. चहा चांगला झाला होता.

प्लंबरला मी येऊ नको म्हणून कळवलं. हातभर लोखंडी पाइप स्वतःच जाऊन आणला, आटेही पाडून घेतले. तो ओट्याखाली ठेवला आहे. खडूची खूण अजून आहे, तिच्याखाली बादली आहे.

जुना तुकडा कापायचा राहिला आहे.