चालेल

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले तीन दातही आजच पडोत! जहाजाच्या धक्क्यावर, काउंटरसमोर, पीटीच्या बाईंनी आपल्या व्हीलचेअरचा ब्रेक खाडकन ओढला आणि मागची दोन हजार माणसांची रांग जागच्या जागी थबकली.

"काय म्हणालास? परत म्हण."

काउंटरवरचा कारकून बोलत होता बाईंच्या लेकीकडे बघून. खुर्चीतल्या माणसाबद्दल खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलायची काहींना खोडच असते.

"मॅडम, खुर्ची नोंदवलेलीच नाही. खुर्चीवाल्यांच्या खोल्या वेगळ्या असतात, त्या कधीच भरल्या. हा तुमचा फॉर्म. आईंच्या नावापुढे काय लिहिलंय, तुम्हीच वाचा."

लेकीनं वाकून वाचलं. लिहिलं होतं: चालेल.

बुकिंग तिनं ऑफिसातून फोनवर केलं होतं, एका फायलीवर सही आणि दुसरीवर शिक्का मारता मारता. बिनखिडकीची खोली? चालेल. जेवणाची दुसरी पाळी? चालेल. मग पलीकडचा म्हणाला, "आणि आई चालतील ना?" एका खोलीत आईबरोबर राहायला चालेल का, असं विचारतोय म्हणून तिला रागच आला होता. "म्हणजे काय? चालेल की!"

बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं दुसरं उत्तर फारसं कुणाला दिलंच नव्हतं. भाऊ म्हणाला, आईला तूच सांभाळ. चालेल. साहेब म्हणाले, रविवारी या. चालेल. आणि आईनं मात्र सबंध जन्मात एकच गोष्ट मागितली होती: जिकडे बघावं तिकडे पाणी, असं एकदा बघायचंय. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाईंचं जग पलंगापासून बाथरूमपर्यंत होतं. काठी टेकत अकरा पावलं. बारावं नाही.

"स्वतः चालत वर जात असतील तर सोडतो," कारकून म्हणाला. "नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आजींना उगाच त्रास नको."

"आजी तुझ्या घरी. मला बाई म्हणायचं." बाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. "तेहेतीस वर्षं पोरांना चालायला लावलंय मी, चांगली कवायतीत. कागदावर लिहिलंय ना चालेल म्हणून? मग चालेन."

"आई, अगं, चूक माझी आहे. मी फोनवर..."

"ते नंतर. काठी दे. आणि तोंड सुतकी करू नकोस."

खुर्चीची घडी घालून ती बॅगांबरोबर पाठवली. सामानाला स्वतः चालावं लागत नाही, तेवढी सवलत आहे.

धक्क्यावरून जहाजात जाणारा पूल लोखंडी, चढता, आणि इतका अरुंद की पुढच्याला ओलांडून जायची सोय नाही. बरोबर बावन्न पावलांचा. बाई पुढे, एक पाऊल मागे लेक, आणि तिच्या मागे दोन हजार माणसं आपापल्या टोप्या आणि गॉगल घेऊन.

सातव्या पावलाला मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, जहाज सुटेल ना!"

बाईंनी मागे बघितलंसुद्धा नाही.

"रांगेत कोण बोलतंय? साऽवधान!"

दोन हजार माणसं ताठ झाली. एका जाड्या गृहस्थानं खिशातले हात काढून मांड्यांना चिकटवले. मग त्यानंच हळूच सुरू केलं, "एक... दोन... एक... दोन..." बघता बघता सगळा धक्का मोजायला लागला.

"तालात!" बाई म्हणाल्या. "घाई नको."

अकरा झाली. बारावं पडलं. सव्विसाव्याला काठीचं टोक पुलाच्या पट्टीत अडकलं. बाई थांबल्या. लेकीला समोर फक्त पाठ दिसत होती, घामानं भिजलेली, आणि काठी सोडवू पाहणारं कोपर.

तेवढ्यात वरून पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी उतरून आला आणि बाईंच्या डोक्यावरून लेकीशी बोलायला लागला.

"मॅडम, यांना हळूच मागे फिरवू या. पुढच्या फेरीत मोठी खोली देतो, खिडकीसकट. चालेल?"

लेकीच्या जिभेवर 'चा' आलासुद्धा होता. तिनं तो गिळला.

"नाही चालणार."

बाईंची मान झटक्यात वळली. "कोण नाही चालणार?"

"तू नाही गं आई! यांचं म्हणणं."

"असं होय. मग मोठ्यानं सांग की. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"नाही चालणार!" लेक ओरडली, आणि धक्क्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. अधिकाऱ्यानं कठड्याला पाठ लावून पोट आत घेतलं.

"हं, आता बरा उभा राहिलास," त्याच्या बाजूनं जाताना बाई म्हणाल्या.

उरलेली सव्वीस पावलं त्या कुणाचाही आधार न घेता चालल्या. जहाज पाऊण तास उशिरा सुटलं आणि त्याबद्दल रांगेतल्या एकानंही तक्रार केली नाही.

बरं, एक कबूल करते. 'कुणाचाही आधार न घेता' हे मी पदरचं घातलं. शेवटची तीन पावलं उरली तेव्हा बाईंनी, मागे न बघता, एक हात मागे केला आणि बोटं हलवली. लेकीला कळेचना. आईनं असा हात कधी मागितलाच नव्हता. तिला वाटलं काठी मागतेय. काठी तर दुसऱ्या हातात होती.