पाच घरांची अट

“गढूळ आहे, पण उकळलंय,” असं म्हणत एतेल्विनाबाईने येर्बाच्या कडू चहाने भरलेला पोकळ भोपळा माझ्यापुढे धरला. ऐंशीची म्हातारी, विहीर कोरडी ठाक, किटलीचा तळ दिसत होता. एकदाच पिऊन मी आभार मानले. आमच्या उरुग्वायमध्ये आभार मानले की ‘आता पुरे’ असं समजतात.

“एवढ्यातच? पाण्याची चौकशी करायला आलास आणि माझंच पाणी नको होय रे?”

मी ओशाळलो.

मी विल्मार तेचेरा, प्रांताच्या खरेदी खात्यातला कारकून. एकतीस वर्षं कागदी घोडे नाचवले. बायको गेल्यापासून घरी भिंतींशीच बोलतो. यंदा वरून नवा तक्ता आला: सरकार जे विकत घेतं, त्यापायी दूर कुठे कुणाचं काय बिघडतं ते शोधा. माझ्या वाट्याला कागद आला. तो निलगिरीच्या लाकडाचा होतो, म्हणून माग काढत निलगिरीच्या रानात शिरलो, तर मधोमध हे एकच घर. आणि तक्त्यात अट अशी की पाचपेक्षा कमी घरांची वस्ती धरायचीच नाही. नोंद झाली तरच टँकर येणार.

म्हातारीला हे सांगताना माझीच जीभ अडखळली. ती जराही चिडली नाही.

“मग दुत्राचं घर लिही. पेइशोतोचं लिही. बेंतांकोर होते, त्या तिकडे सिल्वेरा. या निलगिरीने विहिरी शोषल्या म्हणून गेले ते, हौसेने नाही गेले.”

चार घरं लिहिली. पाचवं तिचं.

कचेरीत परतलो, तर साहेबांनी पाचही नावांवर काट मारली. तिथे आज राहतं कोण, एवढंच त्यांना हवं होतं.

“साहेब, बाकीचे गेले, हाच तर परिणाम.”

“तेचेरा, शून्य लिहा. आणि कोऱ्या कागदावर, खाडाखोड नको.”

असा संताप आला! पण पालथ्या घड्यावर पाणी. शून्य काही माझ्या हातून लिहवलं नाही; ते त्यांनीच लिहिलं.

रविवारी पाण्याचे दोन कॅन घेऊन बसने गेलो. खांदे भरून आले होते. म्हातारी दारातच उभी होती.

“आलं का माझं नाव?”

“नाही, बाई.”

माझ्याच कॅनमधलं पाणी किटलीत ओतून तिने चूल पेटवली. भोपळा भरून दिला, मी प्यालो, परत दिला. तिने पुन्हा भरला. संध्याकाळची बस येईपर्यंत मी आभार मानले नाहीत.