कानमंत्री

माझे बाबा परराष्ट्र सचिव झाले तेव्हा मी नववीत होते. दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या मालिकेतून ही बातमी सगळ्या गल्लीला एकदमच कळली. आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "अभिनंदन. आता तरी मोरीच्या नळाचा वायसर बदलाल का?"

बाबांचा मूळ पेशा प्रॉम्प्टरचा. एका नाटक मंडळीत बावीस वर्षं त्यांनी विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवली. आवाज असा कमावलेला, की नटाला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही. घरीही ते तसेच बोलायचे. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ती म्हणायची, "या घरात मी एकटीच ऐकू येईल असं बोलते, म्हणून भांडखोर ठरते."

पुढे नाटक मंडळी बंद पडली आणि तिच्या मुख्य नटाला, सगळे ज्यांना आप्पा म्हणायचे त्यांना, टीव्हीवर पंतप्रधानाचं काम मिळालं. आप्पा साठीच्या पुढे गेलेले. चेहरा, चाल, आवाज, सगळं पंतप्रधानाला शोभेल असं. फक्त पाठांतर दगा देऊ लागलं होतं. हे गुपित तोवर त्यांना आणि बाबांनाच ठाऊक होतं. आप्पांनी दिग्दर्शकाला अट घातली, "माझा माणूस माझ्या पाठीशी उभा राहील."

"राहू दे की. कॅमेऱ्याच्या बाहेर."

"बाहेरून मला ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय. डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर पाहिजे."

हातभर अंतरावर म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारच. मग बाबांना काळा कोट चढवला, काखेत फाईल दिली आणि पात्रांच्या यादीत एक ओळ वाढवली: 'अधिकारी, दुसरा.'

पहिल्या भागात परदेशी शिष्टमंडळ टेबलाच्या पलीकडे बसलं होतं. शिष्टमंडळाचा प्रमुख धमकीवजा काहीतरी बोलला. आप्पांना पुढचं वाक्य आठवेना. बाबा वाकले, आप्पांच्या कानाशी लागले. आप्पांनी क्षणभर डोळे मिटले आणि सावकाश म्हणाले, "आमचं उत्तर 'नाही' असं आहे." सेटवर प्रत्येकाला माहीत होतं, की हा विसरलेल्या वाक्याचा गोंधळ आहे. पडद्यावर मात्र ते असं काही दिसलं, की देशाचा प्रमुख आपल्या सर्वांत विश्वासू माणसाचा सल्ला घेऊन, तोलून मापून बोलतोय.

आठवड्याभरात पत्रं आली. तो मागचा माणूस कोण? तो काय सांगतो? मालिका लिहिणाऱ्या बाई हुशार. त्यांनी 'अधिकारी, दुसरा' याला सहसचिव केलं. सेटवर बाबांचं नाव पडलं कानमंत्री. चहावालासुद्धा म्हणायचा, "कानमंत्री, बिनसाखरेचा ना?"

चौदाव्या भागात त्यांना पहिलं वाक्य मिळालं: "तारीख बदलावी लागेल." तीन शब्द. बाबा आठवडाभर ते घोकत होते. दाढी करताना, चपला घालताना, जेवताना. आई म्हणाली, "बदला बाई ती तारीख एकदाची!" आणि एवढं करून सेटवर माझ्या बाबांना, ज्यांना चाळीस नाटकं पहिल्या शब्दापासून पाठ होती, ते तीन शब्द काही निघेनात. दहा वेळा कॅमेरा थांबला. अकराव्या वेळी आप्पा मान न वळवता, ओठ न हलवता पुटपुटले, "तारीख." गाडी सुटली. त्या दिवशी बाबा घरी आले ते हसतच. म्हणाले, "आज कळलं, पुढे उभं राहणं म्हणजे काय असतं."

त्यानंतर नऊ वर्षं त्यांची कारकीर्द चढतच गेली. त्यांनी सीमेवरचा गोळीबार थांबवला, ओलीस सोडवले, नदीच्या पाण्यावरून अडलेली बोलणी मार्गी लावली. एकदा त्यांना कावीळ झाली, तेव्हा बाईंनी त्यांची राजदूत म्हणून दूरच्या देशात बदली केली. तीन महिने ते घरात उकडलेल्या भाज्या खात पडून होते आणि टीव्हीवर आप्पा त्यांची परदेशातून आलेली पत्रं वाचत होते. परतले ते थेट परराष्ट्र सचिव होऊन. पासपोर्ट मात्र बाबांनी जन्मात काढला नाही.

एका रविवारी परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले एक खरेखुरे अधिकारी पत्ता शोधत घरी आले. चहा घेतला, मालिकेची स्तुती केली आणि मग जरा संकोचून म्हणाले, "एकच सांगतो. आम्ही फाईल काखेत धरत नाही. काखेत छत्री धरतात." बाबांनी उठून कोपऱ्यातली वही आणली आणि त्यांच्याकडून फाईल हातात कशी धरायची ते शिकून घेतलं. दोघं आमच्या एवढ्याशा बैठकीच्या खोलीत इकडून तिकडे चालत होते. पलंगावर बसून मी पोट धरून हसत होते. बाबा मात्र गंभीर. तो अर्धा तास आठवला, की आजही मला त्या खोलीतला उन्हाचा पट्टा दिसतो.

मग एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बाबांचा फोटो आला. पुढे बाबा, स्पष्ट. मागे आप्पा, धूसर. आप्पांनी अंक दोन दिवस मेकअपच्या टेबलावर उघडाच ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उद्यापासून तुझी गरज नाही. कानात घालायचं यंत्र मागवलंय, वाक्यं त्यातून येतील."

बाबा घरी येऊन ताटातला भात नुसता चिवडत बसले. आईने विचारलं, "जेवण का जात नाही?"

"आप्पांना आता मी लागणार नाही म्हणे."

"मग तुम्ही कशाला तोंड पाडता? तुमचं काम तर आहेच."

"माझं काम तेच होतं गं," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात पाणीकराराच्या सहीचा प्रसंग होता. मला सुट्टी होती, म्हणून मीही सेटवर गेले होते. आप्पांचं भाषण चार पानांचं. पहिलं पान झालं आणि कानातल्या यंत्राने शिट्टी मारली. आप्पांनी ते उपटून मुठीत धरलं. पुढचं वाक्य येईना. समोर वीसेक माणसं, दिवे तापलेले, दिग्दर्शक हात वर करून थांबलेला. बाबा आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. तिथून कुजबुज पोचणं शक्य नव्हतं. आप्पांचे हात टेबलावर नुसतेच काहीतरी शोधत होते.

बाबा दोन पावलं पुढे आले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, तुमच्या लहानपणच्या त्या दुष्काळाबद्दल सकाळी मला सांगत होतात. या मंडळींनाही ऐकू द्या."

संहितेत असं वाक्य नव्हतं. पण भाषणाचं दुसरं पान दुष्काळापासूनच सुरू होत होतं. आप्पांनी वर पाहिलं. मग बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. अर्धं बाईंनी लिहिलेलं, अर्धं स्वतःचं. शेवटी डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते काही अभिनयाचं नव्हतं. कॅमेरा थांबल्यावर त्यांनी मुठीतलं यंत्र चहाच्या बशीत ठेवलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये रे जागेवर."

"येतो," बाबा म्हणाले. विषय संपला.

पण आप्पांचं विसरणं वाढत गेलं. कोणी आत आलं की ते नाव विचारायचे. अखेर त्यांना मालिकेतून निरोप द्यायचं ठरलं. निर्मात्यांनी बाबांसाठी मोठा बेत आखला होता: सचिवाने राजकारणात उतरायचं आणि परराष्ट्रमंत्री व्हायचं. बाबा लेखिकाबाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला निवृत्त करा."

"वेडे आहात का? लोक तुमच्यासाठी बघतात."

"मंत्र्याला स्वतःचं मत लागतं. माझ्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं नीट पार पाडता येतं. तो मंत्री झाला तर खोटा वाटेल."

बाईंनी पेनाला टोपण घातलं. "नऊ वर्षं मी हे पात्र लिहितेय," त्या म्हणाल्या, "आणि मला हे तुम्ही सांगावं."

निवृत्तीचा भाग साधाच होता. सचिव एका तरुण अधिकारी बाईंना फायली दाखवून देतात, कुठल्या देशाचा राजदूत कशाने रागावतो ते सांगतात, रजिस्टरमध्ये सही करतात आणि जिना उतरून जातात. आई आवरून-सावरून बघायला बसली होती. जिना संपला तेव्हा म्हणाली, "बरं केलंत." नऊ वर्षांत त्यांच्या कामाबद्दल तिने काढलेला हा एकच गोड शब्द.

त्यानंतर बाबा दर गुरुवारी दुपारी आप्पांकडे जाऊ लागले. आप्पांच्या डोक्यात तोवर नाटक, मालिका आणि खरं आयुष्य यांची सरमिसळ झाली होती. एकदा मी सोबत गेले होते. आप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मला नमस्कार केला, ओळखलं नाही. बाबांना बघून मात्र सरळ बसले.

"सचिव, शेजाऱ्यांचं काय म्हणणं आहे?"

"बोलणी चालू आहेत, साहेब."

"नरमले का?"

"थोडे. पण घाई केली तर बिनसेल."

"घाई नको," आप्पा म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

परतताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?"

"सुरुवातीला सांगितलं. रडले. मग सोडून दिलं." थोडं चालून ते म्हणाले, "आणि खोटं काय आहे त्यात? शेजाऱ्यांशी बोलणी कायम चालूच असतात." गुरुवारी सकाळी ते वर्तमानपत्र एवढं लक्ष देऊन का वाचतात, ते मला तेव्हा समजलं.

आप्पा गेले त्याला आता सात वर्षं झाली. बाबा अजूनही गुरुवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. आई विचारत नाही. मागच्या महिन्यात मी माहेरी होते, तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. ते आप्पांच्या घराच्या वळणापर्यंत गेले, कोपऱ्यावरच्या टपरीवर बाकावर बसले. टपरीवाल्याने न मागता दोन चहा पुढे केले.

"काय सचिवसाहेब, आज पेपर उघडला नाहीत? मीटिंग नाही?"

"नाही," बाबा म्हणाले. "आज लेक आलीये."