नवव्या कॉटचं बटण

“हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्यात तुला कसला शोध लावायचाय?” मामा म्हणाला आणि त्याने माझ्या हातातला बोर्ड ओढला. मीही सोडला नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे त्याची मुलगी डोक्याला हात लावून बसलेली. तिला मी ताई म्हणतो.

भांडण कशावरून ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, या पोराला भांडायला निमित्तच लागतं. तसं ते लागत नाही, हेही खरंय.

मामाचं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या. आम्ही बेलचे बोर्ड बनवतो. दवाखान्यात, वृद्धाश्रमात कॉटशेजारी बटण असतं. ते दाबलं की नर्सच्या खोलीत बेल वाजते आणि कॉरिडॉरमधल्या पाटीवर त्या कॉटचा दिवा लागतो. बोर्डावर एक चिप, चिपमध्ये सी भाषेतला प्रोग्रॅम. प्रोग्रॅम ताई लिहिते, चिपमध्ये भरतो मी, आणि चालला की श्रेय मामाचं.

आज सकाळी एका वृद्धाश्रमातून मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे नवव्या कॉटवर एक आजी आहेत. त्या रोज म्हणतात, मी बटण दाबते आणि कुणी येत नाही. बाईंनी स्वतः दाबून पाहिलं तर बेल वाजली. मग ठरलं की आजींना भास होतात, आणि आज संध्याकाळी त्यांना मागच्या कुलूपवाल्या खोलीत हलवायचं, जिथे भ्रमिष्ट लोकांना ठेवतात. बाईंना फक्त मामाच्या तोंडून ऐकायचं होतं की बोर्ड ठीक आहे. मामाने ऐकवलं. खुर्चीतून न उठता.

माझं डोकंच फिरलं. शाळेत मलाही एकदा असंच बसल्या जागी खोटारडं ठरवलं होतं. मी दप्तर तिथेच टाकून घरी आलो. परत गेलो नाही, दप्तर आणायलाही नाही. आजींना तर तसं उठून जाताही येत नाही.

मी मामाला म्हटलं, सांगण्याआधी तपासायचं तरी. तो म्हणाला, तपासलेलंच असतं. खरंय, तपासतो आम्ही. पण कसं, ते ऐका. भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. एकदा आम्ही बेल वाजवली आणि पलीकडे डॉक्टरांचा हात हलला. पेशंट अर्धा जबडा बधिर, तसाच तणतणत आमच्याकडे आला. तेव्हापासून मामाचा नियम आहे की बेल जोडायचीच नाही. बटण दाबायचं, दिवा लागला की बोर्ड पास. आणि टेबलावर कायम नवाच बोर्ड असतो, कारण जुन्या बोर्डात प्रोग्रॅम भरायला फार वेळ लागतो. वृद्धाश्रमात मात्र जुना बोर्ड आहे.

मी फळीवरून तसलाच जुना बोर्ड काढला, त्यांचाच प्रोग्रॅम भरला आणि बेल जोडली. मामा म्हणाला, काढ ती. मी आठवं बटण दाबलं. बेल ठणाणा वाजली, डॉक्टरांनी पलीकडून भिंत बडवली. नववं दाबलं. दिवा लागला, बेल गप्प. आठवं आणि नववं एकदम दाबलं, तर पुन्हा ठणाणा. म्हणजे मेट्रनबाईंनी दाबलं तेव्हा दुसऱ्या कुणीतरी नक्कीच बटण दाबून ठेवलं होतं. मग नवा बोर्ड घेतला. त्यावर नववं बटण एकटंही छान वाजत होतं.

तेव्हा मामाने बोर्ड ओढला.

ताईने दोघांच्या हातातून तो काढून घेतला आणि स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, चूक आपलीच आहे.

ताईने लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, जुन्या बोर्डासाठी जुना आणि नव्यासाठी नवा. नव्या कंपायलरला बूल नावाचा प्रकार कळतो, फक्त हो-नाहीसाठी केलेला. त्यात काहीही टाका, तो एवढंच बघतो की काही आहे का काहीच नाही, आणि एक किंवा शून्य ठेवतो. जुन्या कंपायलरला हे नावसुद्धा माहीत नाही. म्हणून मामाने फार पूर्वी स्वतःचा बूल बनवला आणि एका फाईलमध्ये लिहून ठेवला. तिला आम्ही घरची फाईल म्हणतो, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती असतेच, फक्त नवा कंपायलर तिच्यातला बूल सोडून स्वतःचा वापरतो. पण मामाचा बूल म्हणजे नुसता आठ कप्प्यांचा डबा. एका कॉटला एक कप्पा. आठ कॉट होत्या तोवर सगळं गोडीगुलाबीने चाललं. मग आश्रमाने नववी कॉट टाकली. आजींनी एकट्यांनी बटण दाबलं की नवा बोर्ड म्हणतो, काहीतरी आहे, म्हणजे हो. जुना बोर्ड तेच सगळं डब्यात ओततो, नववा कप्पा बाहेर सांडतो, डबा रिकामा. रिकामा म्हणजे नाही. दिव्याचं काम त्या डब्यातून होतच नाही, म्हणून दिवा लागतो. पण कॉरिडॉरमध्ये उभं राहून पाटीकडे टक लावून कोण बघणार?

मी म्हटलं, मग ती घरची फाईल घाला चुलीत. रागाच्या भरात मीच ती काढून टाकली आणि सगळीकडे नवा बूल घातला. जुन्या कंपायलरने एवढ्या चुका ओकल्या की स्क्रीन पुरेना. मामाला काय आनंद झाला. म्हणाला, लागला शोध?

ताईने माझं सगळं पुसलं. तिचं म्हणणं, जुन्याला जे माहीतच नाही ते त्याच्यावर लादून चालत नाही. ओळच अशी लिहायची की दोघांनी एकच उत्तर द्यावं. सगळ्या बटणांची बेरीज डब्यात ओतायची नाही. आधी विचारायचं, ही शून्य नाहीये ना? त्याचं उत्तर कुठल्याही कंपायलरमध्ये एक किंवा शून्यच येतं, आणि तेवढं कुठल्याही डब्यात मावतं. तिने एकच ओळ बदलली. दोन्ही बोर्डांवर नववं बटण दाबलं, दोन्हीकडे बेल वाजली. या वेळी डॉक्टर स्वतःच आले, हातमोज्यांसकट. मामाने त्यांना हात जोडले.

ते गेल्यावर मामा थंडपणे म्हणाला, वर्षाच्या तपासणीला जाऊ तेव्हा गुपचूप भरून टाकू. आज जाऊन आपणच सांगायचं का, की आमचा बोर्ड चुकला? पुन्हा दारात कोण उभं करेल? मी आजींचं काय ते विचारलं. तो म्हणाला, राहतील थोडे दिवस त्या खोलीत, वय झालंय, फरक काय पडतो.

“मामा, ती आजी बटण दाबते,” मी म्हटलं. “रोज दाबते. आणि तुझी फाईल सांगते, नाही दाबलं.”

“शाळेत टिकला नाहीस, आता इथेही टिकायचं नाहीये वाटतं.”

“नाही टिकलो तर नाही. पण मी आज जाणार आणि चूक आपली आहे हे बाईंना सांगणार.”

मी फोनला हात घातला तर त्याने तो खिशात टाकला. म्हणाला, या दारातून बाहेर पडलास तर पुन्हा पाय ठेवायचा नाही. आई आता नक्की रडणार, हे मला दिसत होतं. तरी मी वर्कशॉपची किल्ली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

मग ताई उठली. तिने आयुष्यात बापाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, नवा कंपायलर आणला तेव्हाच मला शंका आली होती. तुम्ही त्या फाईलला हात लावू देत नाही म्हणून मी गप्प बसले. ती ओळ माझी आहे. बाईंना मी सांगेन.” मामा वळला. आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

आश्रमात लावायच्या बोर्डात नवा प्रोग्रॅम भरला जातोय, तेवढ्या वेळात हे लिहितोय. ताई स्कूटर काढायला खाली गेलीये. मामाने एकदा दार किलकिलं करून बघितलं, मी अजून आहे का ते. मीही बघितलं त्याच्याकडे. मान खाली घालण्यासारखं मी काही केलेलं नाही. मेट्रनबाईंनी विश्वास ठेवला नाही तर मी आजींच्या कॉटवर बसून सगळ्यांसमोर बटण दाबत राहीन, मग मला उचलून बाहेर…

भरून झाला. ताई खालून हॉर्न देतेय. मला निघायला हवं.