नवव्या मैलावरचे वळण

राधाकिशन मास्तरांनी काठीचे टोक पुन्हा जमिनीत रोवले. काठी वीतभर आत गेली. चार पावले सरकून त्यांनी ती पुन्हा दाबली. तिथेही काळी, भुसभुशीत मातीच होती.

"मास्तर, खजिना-बिजिना हाय का काय हितं?" बैलगाडीला रेलून उभ्या असलेल्या नबीने विचारले. गाडी त्याचीच. बीडच्या बाजारात चाके दुरुस्त करायची आणि मिळेल ते भाडे मारायचे, हा त्याचा धंदा.

"खडक शोधतोय."

"खडक? आन तो बी आसल्या वावरात?"

मास्तरांनी पिशवीतून कागद काढले. पुण्याचे एक मंडळ मोठा मराठी ज्ञानकोश तयार करीत होते. त्यातला 'बीड–केज सडक' हा लेख तिथल्याच कुणा तरुणाने लिहिला होता आणि मंडळाने तो तपासायला मास्तरांकडे पाठवला होता. सोबत तीन प्रश्न होते : माहिती बरोबर आहे काय, आधार विश्वसनीय आहेत काय, भाषा नेटकी आहे काय. आठ दिवस मास्तर मैलाच्या दगडामागून दगड तपासत होते. पूल मोजले, कडेची लिंबाची झाडे मोजली. पोराने मन लावून काम केले होते. भाषेच्या प्रश्नापुढे मास्तरांनी 'उत्तम' असा शेरा देऊनही टाकला होता.

अडले होते ते एका वाक्यापाशी. 'नवव्या मैलानजीक जमिनीत प्रचंड खडक लागल्यामुळे सडकेस डावीकडे वळण द्यावे लागले.' खाली आधार दिला होता : निजाम सरकारचा १३०९ फसली सालचा अहवाल.

हे वाक्य घरी प्रथम वाचले तेव्हाच मास्तरांच्या हातातला पेला ओठाशी थांबला होता. त्या साली ते बीडच्या एका कचेरीत कारकून होते. दुष्काळ पडला होता, जिकडेतिकडे सडकांची कामे निघाली होती. सडकेच्या या तुकड्यावर देखरेख करणाऱ्या दरोग्याने कळवले होते की सडकेची रेघ पन्नास पावले हलवली आहे. 'सबब' या रकान्यात मात्र त्याने काही लिहिले नव्हते. रकाना रिकामा गेला तर कागद वरून परत येणार, आणि टेबलावर तर ढीग साचलेला. राधाकिशनने टाक दौतीत बुडवला आणि लिहिले : 'चट्टान', म्हणजे खडक. कुणी काही विचारले नाही. पुढे दोन वर्षांनी नोकरी सोडून ते मास्तर झाले. तो शब्द मात्र हैदराबादेला गेला, छापला गेला आणि सत्तावीस वर्षांनी पुण्याहून मराठी होऊन त्यांच्याच दारी आला. 'प्रचंड' तेवढे त्या पोराच्या पदरचे.

वाक्य खोडले असते तरी भागले असते. पण मग सडक वळली कशाला? बाविसाव्या वर्षी हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. एकोणपन्नासाव्या वर्षी तो त्यांना घास गिळू देत नव्हता. कदाचित खडक खरोखरच असेल, म्हणून ते आधी काठीने जमीन चाचपत होते.

"त्या मावशीला इचारा की," नबी म्हणाला. सीताफळीच्या दाट जाळीपाशी एक म्हातारी शेळ्या राखीत बसली होती. "कडूबाई. हितलीच हाय ती."

मास्तर तिच्याकडे गेले. "मावशी, ही सडक इथंच का वळली, ठाऊक आहे का?"

तिने आधी त्यांच्या हातातले कागद पाहिले. "कावून इचारता? सरळ करता का काय आता?"

"नाही. पुस्तकात लिहायचंय."

"मंग बसा. उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ती."

मास्तर धोतर सावरून मातीत बसले.

"लई वंगाळ साल व्हतं," कडूबाई म्हणाली. "दिसभर खडी फोडायची, सांजच्याला शेरभर जवारी. आन पानी हितल्या हिरीचं. चौफेर हिंडलं तरी येवढ्या येकाच हिरीला पानी व्हतं. मुकादम खुट्ट्या ठोकीत आला त्यो नीट हिरीच्या तोंडावर. म्हनला, बुजवा."

"मग?"

"आमी अठरा जनी कठड्यावर जाऊन बसलो. टोपली उचलली न्हाई. येक दिस, दोन दिस. जवारी बंद. तिसऱ्या दिशी दरोगा घोड्यावर आला. भला मानूस. खाली उतरला, वाकून हिरीत बगितलं, पानी मागितलं. आमच्यातल्या रुक्मिणीनं शेंदून दिलं. प्याला, आन सोताच्या हातानं खुट्ट्या उपटून पल्याड ठोकल्या."

मास्तरांची पेन्सिल थांबत नव्हती. वर्गात एखाद्या पोराने अवघड उत्तर बरोबर दिले की जसा चेहरा फुलायचा, तसा त्यांचा फुलला होता.

"विहीर कुठंय ती?"

कडूबाईने पाठीमागच्या जाळीकडे हात केला. नबी फांद्या बाजूला सारीत आत घुसला आणि त्याने हाक दिली, "मास्तर, या हितं!"

एक लांबट दगड मातीतून अर्धा वर आला होता. त्याच्या काठावर दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या. मास्तरांनी एका खाचेत बोट घातले. बोट पेरभर आत बसले. पलीकडे नुसता खड्डा होता, दगडमातीने भरलेला.

"मग ही बुजवली कुणी?"

"कुनीच न्हाई. ढासळली." कडूबाई जाळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "पाच वर्सांनी हुकूम आला, सडकंच्या कडंच्या हिरी बांधून द्या म्हनून. सायेब कागद घिऊन आला. आमी दावली हीर. त्यानं बी बगितली. पर म्हनला, कागदात हितं चट्टान लिवलीय, हीर न्हाई. जी कागदात न्हाई ती बांधू कशी? मी म्हनलं, सायेब, डोळ्यानं बगताय न्हवं? म्हनला, डोळं माझं हायेत बाई, कागद सरकारचा हाय."

तिने पदराने तोंड पुसले.

"दोन पावसाळ्यांत खचली. आठ घरं व्हती हितं. येकेक करीत उठली."

मास्तरांचे बोट अजून खाचेतच होते. ते त्यांनी हळूच काढून घेतले.

"मावशी, ते 'चट्टान' मी लिहिलं होतं."

नबी बैलांकडे पाहू लागला.

"तुमी?" कडूबाई म्हणाली. "तवा हितं आलतात?"

"नाही. बीडात बसून लिहिलं."

"किती वर्साचं व्हतात?"

"बावीस."

"म्हंजी लई ल्हान न्हवतात."

एक शेळी सडकेवर निघाली होती, तिला कडूबाईने खडा मारून वळवले.

मास्तर जाळीबाहेर आले. मांडीवर कागद ठेवून त्यांनी आधारांविषयीच्या दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिले : 'नाही. सदर अहवालात दिलेले कारण खोटे आहे. ते मी लिहिले.' खाली पूर्ण सही केली.

नबीला वाचता येत नव्हते. "काय लिवलं?" त्याने विचारले. मास्तरांनी वाचून दाखवले.

"पुन्यावाले परत काम देतील का तुमाला?"

"बहुतेक नाही."

त्यांनी कोरा कागद पुढे घेतला आणि कडूबाईकडे वळले. "विहिरीला नाव काय होतं?"

"नाव कशाला? हीर म्हनायचो. येकच तर व्हती."

तेही त्यांनी लिहून घेतले. "आणि तुम्ही अठरा जणी?"

"त्येंचं काय?"

"नावं सांगा."

कडूबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "पुस्तक सडकंचं हाय म्हनलात न्हवं?"

"सडकेचंच आहे."

तिने एकवार त्या वळणाकडे पाहिले. मग सावली बघून नीट मांडी घालून बसली आणि पदर खोचला.

"पयली रुक्मिणी. शेंदनारी. तिच्या अंगाला मंजुळा, सिदूची माय. ती पोटुशी व्हती तवा. तिसरी..." तिने डोळे मिटले. "थांबा. जशा बसलो व्हतो तशाच सांगते, म्हंजी कुनी सुटायची न्हाई."

मास्तर थांबले. नबीने एकदा आभाळाकडे पाहिले आणि बैल जुवातून सोडायला घेतले.